हत्ताला जायचं तर पासपोर्ट घ्या

माझ्या भाचीला, ईराला, हत्ताला जायचं आहे. धरणाच्या हिरव्या पाण्यात लाल-पिवळ्या होड्या वल्हवायच्या, डोंगराच्या उतारावर चाकांवरच्या खोल्यांचं ते रिसॉर्ट आहे तिथे जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत घरी परत. "आत्या, यू टेल डॅडी ना, ही लिसन्स टु यू," असं ती मी आल्यापासून म्हणते आहे. तिचा डॅडी म्हणजे माझा धाकटा भाऊ मंदार. तो मोबाइलमधून मान वर न काढता "मला काम आहे" एवढंच म्हणतो. दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या त्याच्या इमारतीला निळाशार पोहण्याचा तलाव आहे. इतकी वर्षं तो इथे राहतो आहे, पण त्या पाण्यात त्याने अजून पायाचा अंगठासुद्धा बुडवलेला नाही. ईराला वाटतं बाप बोअरिंग आहे. वाटू दे. मी हे सगळं लिहून ठेवते आहे ते खरं म्हणजे तिच्यासाठीच, आणि तिला मराठी वाचता येत नाही म्हणूनच बहुधा मला लिहायला जमतं आहे.

आम्ही लहान होतो तेव्हा दुबईतच, अल कुसैसला राहायचो. मी तेरा वर्षांची, मंदार सात. आजच्यासारखी गजबज नव्हती. तीन-चार मजल्यांच्या इमारती, मध्ये रिकामी वाळू, वारा सुटला की खिडकीच्या फटीतून आत येणारी बारीक धूळ. घरात सतत एअर कंडिशनरची घरघर. ती घरघर मला आवडायची नाही, कारण तिच्यामुळे दारात फिरणाऱ्या किल्लीचा आवाज ऐकू यायला उशीर व्हायचा. किल्ली फिरण्याची तऱ्हा ऐकून आम्हाला कळायचं की आज बाबा कसे आहेत. सावकाश फिरली तर ठीक. खडखडली तर मंदार पलंगाखाली जायचा, मी अभ्यासाचं पुस्तक पुढ्यात ओढायचे आणि आई गॅस बारीक करायची. बाबा एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. हसू नका, खरंच होते. शेकडो कामगारांच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही हे बघायचा त्यांना पगार मिळायचा, आणि घरी येऊन ते इस्त्रीच्या वायरने आईला मारायचे.

कशावरून मारायचे हे विचारण्यात अर्थ नाही. भाकरी जाड झाली, मंदारने इंग्रजीत उत्तर दिलं, मी आरशासमोर जास्त वेळ उभी राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं आमचं घर होतं. बाहेर बाबांची ख्याती अशी की सावंतसाहेबांसारखा दिलदार माणूस नाही, कोणाचा पोरगा नवीन आला तर त्याला चार दिवस जेवायला घालतील, गणपतीत ढोलकी वाजवतील, आणि घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आईने ओरडायचं नाही असा नियम होता. शेजारच्या फ्लॅटमध्ये लतीफभाई आणि जैनबआपा राहायचे. ते रत्नागिरीकडचे, आईचं माहेर चिपळूणचं. त्यामुळे जैनबआपा आईला नलू म्हणायच्या आणि माहेरचं माणूस असल्यासारख्या हक्काने आमच्या फ्रीजमधून दही घेऊन जायच्या. त्यांचं स्वयंपाकघर आणि आमचं, मध्ये एकच भिंत. मार सुरू झाला की त्या पलीकडून लाटण्याने भिंत ठोकायच्या. त्याचा अर्थ, मी ऐकते आहे. मग बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

त्या घरात सगळ्यात मोठी वस्तू कोणती होती, तर बाबांचं लोखंडी कपाट. आमचे चौघांचे पासपोर्ट त्यात असायचे आणि किल्ली बाबांच्या पट्ट्याला. आम्ही तिघं बाबांच्या व्हिसावर होतो. ते म्हणाले तर इथे राहायचं, ते म्हणाले तर जायचं. "व्हिसा कॅन्सल करीन" हे वाक्य आमच्या घरात मीठ-मिरचीसारखं वापरलं जायचं. आईकडे पासपोर्ट असता तर ती आम्हाला घेऊन केव्हाच विमानात बसली असती. त्या काळी विमानतळावर नवऱ्याची चिठ्ठी मागत नसत. पण पासपोर्टच नव्हता. पोलिसांत जाण्याचा विचार तिच्या मनात आला नसेल असं नाही, पण पोलिस नवऱ्याला नेतील, नोकरी जाईल आणि मग सासरची मंडळी काय करतील, याची भीती तिला वायरीपेक्षा जास्त होती.

ते पासपोर्ट कपाटाबाहेर निघायचे फक्त हत्ताच्या सहलीला. हत्ता आहे दुबईचंच, पण डोंगरात, आणि तेव्हाचा रस्ता मधला काही पल्ला ओमानच्या हद्दीतून जायचा. ज्या डोहांत आम्ही डुंबायचो तेही पलीकडच्या, ओमानच्या बाजूला होते. बहुतेक वेळा कोणी अडवायचं नाही, बाकीची मंडळी बिनधास्त तशीच यायची. पण बाबा पडले नियमाचे. चौघांचे पासपोर्ट रबरबँड लावून एका चामड्याच्या पाकिटात, आणि ते पाकीट गाडीच्या खणात. निघताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हत्ताला जायचं तर पासपोर्ट घ्या, दुसऱ्याच्या देशातून जातोय आपण!" आणि सगळे हसायचे.

आता मी जे लिहिणार आहे ते मंदारला पटणार नाही, पण खरं तेच लिहायचं. हत्ता मला फार आवडायचं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी पाच-सहा गाड्या एकामागून एक निघायच्या. शहर संपलं की वाळू आधी पिवळी दिसायची, मग लाल, मग एकदम काळेभोर, करवतीच्या दात्यांसारखे डोंगर. रस्त्याच्या कडेला गालिचे आणि मातीची भांडी विकणारे बसलेले. कलिंगड घ्यायला थांबलं की आई नेहमीप्रमाणे मोठ्याने हिशेब करायची, "दहा दिरहम? म्हणजे चाळीस रुपये! चिपळूणला चाळीस रुपयांत गाडीभर येतील," आणि मग मुकाट्याने घ्यायची. डोहापाशी पोहोचलं की कलिंगडं गार व्हायला पाण्यात सोडायची, चटया अंथरून त्यांच्या कोपऱ्यांवर धोंडे ठेवायचे. डबे उघडायचे. तिखटमिठाच्या पुऱ्या, जोशीकाकूंची बटाट्याची भाजी, जैनबआपांच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी, आईचं लबनेचं श्रीखंड. चक्का बांधायला नको, दुकानातून लबनेचा, म्हणजे तिथल्या आयत्या घट्ट दह्याचा, डबा आणला, साखर-वेलदोडा घातला की झालं. तिने ती युक्ती शोधली आणि मग कुसैसभर पसरली. पुरुष कोळसे पेटवून कोंबडी भाजायचे. परतताना हत्ताच्या त्या एकुलत्या एक हॉटेलच्या हिरवळीवर सगळ्यांनी चहा घ्यायचा, कारण हिरवळ बघायला मिळायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हत्ताला मार नसायचा. चार लोक असायचे ना. बाबा मंदारला खांद्यावर घ्यायचे, मला वैजू वैजू म्हणून हाक मारायचे, आईने वाढलेलं श्रीखंड बोटाने चाटून "वा नलू" म्हणायचे. त्या दिवसापुरते मला बाबा असायचे. घरी परतल्यावर तू अमक्याच्या विनोदाला का हसलीस, असं म्हणत दार लागायचं ते वेगळं. आज पन्नाशी उलटल्यावरही त्या डोहाचं गार पाणी आठवलं की मला आधी बरं वाटतं, आणि मग स्वतःचाच राग येतो.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी बाबांनी आईच्या कानफटात मारली ती इतक्या जोरात की कानातून रक्त आलं आणि तो डावा कान कायमचा गेला. मरेपर्यंत ती उजवा कान पुढे करून बोलायची. पण ती त्या माराने हलली नाही. हलली ती दुसऱ्या दिवशीच्या वाक्याने. बाबा चहा पिता पिता अगदी शांतपणे म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझा व्हिसा कॅन्सल करतोय. तू जा तुझ्या भावाकडे. पोरं इथे राहतील. वैजू करेल स्वयंपाक." नेहमीची धमकी नव्हती ती. ते विमानाच्या तिकिटाची चौकशी करून आले होते. आई गेल्यावर घरात आम्ही दोघं आणि ते, आणि मध्ये कोणी नाही. आईने त्या दिवशी स्वयंपाकघराची भिंत स्वतः ठोकली.

बेत जैनबआपांचा. आखातात राहणाऱ्या कुठल्याही घरात जा, जुने, रद्द झालेले पासपोर्ट जपून ठेवलेले असतात. त्यात जुने शिक्के असतात, कधी लागतील सांगता येत नाही. रद्द करताना वेष्टनाचा एक कोपरा कात्रीने कापतात एवढंच, बाकी तसेच निळे. आपांकडे तसे तीन होते, त्यांचा, लतीफभाईंचा आणि दिराचा. शुक्रवारी हत्ताला पाकीट गाडीच्या खणात असेल. बाबा कोंबडी भाजायला बसले की आईने आमचे तिघांचे काढून घ्यायचे आणि त्या जागी हे तीन ठेवायचे. वर बाबांचा स्वतःचा, रबरबँड तसाच. घरी आल्यावर बाबा नुसते मोजतात आणि कपाटात टाकतात, उघडून बघत नाहीत. शनिवारी सकाळी ते कामावर गेले की लतीफभाई आम्हाला विमानतळावर सोडणार. आईच्या पाटल्या मोडून तिकिटं काढून ठेवलेली. "नलू, एक दिवस फक्त कळ काढ," आपा म्हणाल्या. "त्याने शिव्या दिल्या, खा. मारलं, खा. घरी येईपर्यंत ब्र काढू नकोस. मग खलास." मला आईने गुरुवारी न्हाणीघरात नेऊन नळ सोडून सगळं सांगितलं आणि म्हणाली, "काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही." मंदारला काहीच सांगितलं नव्हतं.

अदलाबदल इतकी सहज झाली की मला पटेचना. बाबा निखाऱ्यांना वारा घालत होते, कोणीतरी मोठ्याने गाणी लावली होती. आई "श्रीखंड गाडीत राहिलं" म्हणून उठली आणि डबा घेऊन परत आली. आमचे तिघांचे पासपोर्ट आपांच्या भाकऱ्यांच्या पिशवीत गेले. आई माझ्याकडे बघून इतकंसं हसली. तिचा वरचा ओठ तेव्हा फुटलेला होता, ती जोशीकाकूंना सांगत होती की कपाटाचं दार लागलं. काकू म्हणाल्या, "अगं बाई, जपून हं." मी तीन पुऱ्या खाल्ल्या. भीतीतही भूक लागते हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग दगडगोट्यांवरून गचके खात ओमानच्या पोलिसांची एक जीप आली. इतक्या सहलींत ती कधी आली नव्हती. आत एकच पोलिस, तरुण, उन्हाने वैतागलेला. त्याने हात वर करून सलाम केला, आणि मुलं डोहात फार खोल जात नाहीत ना एवढं अर्ध्या इंग्रजीत विचारलं. त्याला बाकी काही नको होतं. कोणीही, कोणीही पासपोर्ट मागितले नव्हते. पण बाबा लगबगीने उठले, हात पुसले, "वन मिनिट सर, ऑल पेपर्स आर हिअर," म्हणत गाडीकडे गेले आणि पाकीट घेऊन आले. चार लोकांत आपण कसे कायद्याने वागतो हे दाखवायची संधी ते सोडतील कशी! पोलिस "माफी मुश्किल, माफी मुश्किल" म्हणत राहिला, काही हरकत नाही, राहू द्या. बाबांनी रबरबँड काढला. वरचा स्वतःचा बाजूला केला, दुसरा उघडला, आणि त्यात लतीफभाईंचा तरुणपणीचा फोटो होता.

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीच झालं नाही त्यावर. त्यांनी तिसरा उघडला, चौथा उघडला, कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, सगळे पाकिटात ठेवले आणि पोलिसाला कलिंगडाची फोड दिली. तो शुक्रन म्हणून गेला. जीप दिसेनाशी होईपर्यंत बाबा हात हलवत उभे राहिले. मग पाकीट चटईवर टाकून त्यांनी हाक मारली, "मंदार, चल बेटा, आज तुला पोहायला शिकवतो."

ते आईच्या अंगावर गेले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. ते हुशार होते. त्यांनी मंदारला काखेत उचललं आणि छातीएवढ्या पाण्यात नेलं. मंदार हसत होता, त्याला बाबांच्या खांद्यावर बसायचं होतं. बाबा काठाकडे तोंड करून ओरडले, "एक, दोन, साडेमाडे तीन!" आणि त्याला पाण्यात दाबलं. वर काढलं. पोरगं खोकत होतं, सगळे हसले. बाबाही हसले आणि म्हणाले, "नलू, सांगतेस का?" आई उभी राहिली होती. कोणाला काय कळणार? जोशीकाका ओरडले, "वहिनी, सांगून टाका एकदाचं!" पुन्हा "एक, दोन, साडेमाडे तीन." ह्या वेळी जास्त वेळ. वर आला तेव्हा मंदार रडायला तोंड उघडत होता, तेवढ्यात तिसऱ्यांदा. आता काठावरची मंडळीही टाळ्या वाजवत मोजायला लागली होती, पोरासोरांसकट, एक, दोन, साडेमाडे तीन. डोंगरावरून तो आवाज परत येत होता. मला तोंड उघडायचं नाही असं सांगितलेलं होतं. मी उघडलं. "ते खेळत नाहीयेत! ते त्याला मारतायत! थांबवा ना कोणीतरी!" जोशीकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नकोस गं, असंच शिकतात पोहायला." मी त्यांच्या हाताला चावले. खरंच चावले, रक्त येईपर्यंत. तरी ते हसतच होते.

"देते," आई ओरडली. "देते, त्याला सोडा आधी." तिने आपांच्या पिशवीतून तिन्ही पासपोर्ट काढले आणि हात उंच धरून पाण्यात उतरली. बाबा म्हणाले, "शाब्बास. आण इकडे." ती दगडांवरून ठेचकाळत, साडी पायांत गुंडाळली जात असताना, त्यांच्यापर्यंत गेली. डाव्या हातात पासपोर्ट, पाण्याच्या वर. बाबांनी ते घ्यायला एक हात पुढे केला. दुसऱ्या हाताने त्यांनी मंदारचं डोकं पाण्याखाली धरलेलंच होतं, आणि त्यांनी ते सोडलं नाही. म्हणाले, "ह्याचं शिकणं पुरं होऊ दे." त्याचे हात पाण्याबाहेर आपटत होते, मग आपटायचे थांबले. आईचा उजवा हात पदराखाली होता. चटईच्या कोपऱ्यावरचा धोंडा तिने केव्हा उचलला मी बघितलं नव्हतं. तिने तो बाबांच्या कपाळावर घातला. नारळ फोडताना येतो तसा आवाज आला. बाबा बसले, पाण्यातच, आश्चर्याने तिच्याकडे बघत. भोवतीचं पाणी लाल झालं. आईने पुन्हा हात उचलला, आणि मी तुम्हाला खरं सांगते, तो खाली आला असता तर बाबा तिथेच संपले असते आणि मला त्या क्षणी तेच हवं होतं. "नलू, खलास! बस!" जैनबआपा एवढ्या मोठ्याने ओरडल्या की आईचा हात तसाच वर राहिला. पासपोर्टांचा डावा हातही वरच होता.

लतीफभाईंनी मंदारला उलटा धरून पाठीवर थापट्या मारल्या. त्याच्या तोंडातून पाणी आणि श्रीखंड बाहेर पडलं, मग तो किंचाळला, आणि ती किंचाळी ऐकून मी खाली बसले. लोक धावले ते बाबांकडे. टॉवेल बांधले, सावलीत बसवलं. जोशीकाका, चावलेला हात धरून, आईला म्हणाले, "वहिनी, ही काय पद्धत झाली? चार लोकांत? सावंत मस्करी करत होता. माफी मागा त्याची." आई मंदारपाशी जाऊन बसली. बोलल्या जोशीकाकू, अगदी हळू, खाली बघत. "अहो, मस्करी नव्हती ती. आपल्याला काय माहीत नाही का? बरोबर खालचं घर आहे त्यांचं. ऐकू येतंच की सगळं." ऐकू येत होतं! इतकी वर्षं ऐकू येत होतं, आणि ह्या बाईने तासाभरापूर्वी फुटलेल्या ओठाला जपून हं म्हटलं होतं. बाबांनी मारलं त्याची मला आता इतकी चीड येत नाही जितकी त्या एका वाक्याची येते. बाबा वेडेवाकडे का असेनात, बाप होते. हे बाकीचे सगळे शहाणे होते.

बाबा टॉवेलखालून म्हणाले, "तिच्याकडचे पासपोर्ट घ्या. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या." दोघं-तिघं खरोखर पुढे सरकले. लतीफभाई शांत माणूस, शारजात स्पेअर पार्टचं दुकान चालवणारे. त्यांनी गाडीच्या डिकीतून चाक खोलायचा लांब पाना काढला आणि हातात नुसता तोलत उभे राहिले. "सावंतसाहेब, आप पहले खून रोको," ते म्हणाले. "बच्चों को हम ले जाते हैं. कोणी मध्ये येऊ नका, माझा हात जड आहे." कोणी आलं नाही. जैनबआपा म्हणाल्या, "यल्ला, बसा गाडीत." आई निघताना वाकली आणि चटईवरचं ते चामड्याचं पाकीटही उचललं, बाबांच्या पासपोर्टसकट. का उचललंस, असं मी तिला पुष्कळ वर्षांनी विचारलं, तर म्हणाली, "सवयीने गं. सहलीहून निघताना काही मागे ठेवायचं नाही, त्यांनीच शिकवलं होतं."

परतीच्या रस्त्यावर मंदार माझ्या मांडीवर थरथरत होता. लतीफभाईंनी वाटेत पेट्रोल पंपावरून तिकीटवाल्याला फोन करून शनिवारची तिकिटं त्याच संध्याकाळची करून घेतली, कारण आता कुसैसला जाण्यात अर्थ नव्हता. ह्या सगळ्याची किंमत त्यांना मोजावी लागली. बाबांनी त्यांच्यावर बायको पळवल्याची तक्रार केली, लतीफभाईंना पोलिस ठाण्याच्या चकरा पडल्या, दुकानाच्या अरब मालकाने जामीन राहून सोडवलं म्हणून निभावलं. आईने चिपळूणला जाऊन शिवणकाम केलं, आम्हाला तिथल्या मराठी शाळेत घातलं, आणि लतीफभाई गावी आले की त्यांना ती वाकून नमस्कार करायची. ते दर वेळी ओशाळून पाय मागे घ्यायचे. बाबा आम्हाला न्यायला कधी आले नाहीत. कपाळावर खूण घेऊन चार लोकांत येणं त्यांना जमलं नसावं.

विमानतळाच्या दारात आईने ते पाकीट जैनबआपांच्या हातात दिलं. म्हणाली, "ह्यात त्यांचा आहे. द्या त्यांना. पण आमचं विमान उडाल्यावर." आपा रडत होत्या, आई रडत नव्हती. तिची साडी अंगावरच वाळून कडक झाली होती, उजव्या बाहीवर तांबूस डाग होते, आणि आमच्याकडे सामान म्हणाल तर भाकऱ्यांची एक पिशवी. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आमच्याकडे खालून वर पाहिलं. त्याला संशय यावा असंच आमचं ध्यान होतं. त्याने मंदारचे लाल डोळे बघितले, पानं उलटली, आणि विचारलं, "हसबंड? वेअर इज हसबंड?" मला वाटलं, संपलं. आईला इंग्रजी फारसं यायचं नाही. तिने उजवा कान पुढे केला, प्रश्न पुन्हा ऐकून घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "हत्ता."

"हत्ता?"

"हत्ता. स्विमिंग."

अधिकारी हसला. "हत्ता! व्हेरी नाइस प्लेस," असं म्हणाला आणि त्याने आमच्या तिन्ही पासपोर्टांवर धाड धाड शिक्के मारले.